नळीचा दोष

माझा दादा तीस वर्षं माणसांना समुद्राखाली न्यायचं काम करत होता आणि त्यातली निदान वीस वर्षं तो एका नळीवरून भांडत होता. स्नॉर्कल. पाण्यावर तोंड खाली करून तरंगताना श्वास घ्यायला मास्कच्या पट्ट्याला डाव्या कानाजवळ अडकवायची वाकडी नळी, बाकी काही नाही. पाठीवर हवेची टाकी असताना ही कशाला हवी, असं कोणी विचारलं की दादाच्या अंगात यायचं.

"टाकी खाली जाण्यासाठी आहे," तो म्हणायचा. "वर लाटांत बोटीची वाट बघताना टाकीतलीच हवा संपवणार? आणि परत येताना टाकी रिकामी, बोट लांब, मग काय करशील? शिट्टी मारशील?"

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच डायव्हिंग केंद्रात सामानाच्या खोलीत बसते. खिडकीतून सूट, मास्क, पायात घालायचे फिन देते, परत आले की गोड्या पाण्याने धुते, आणि लोकांनी तोंडात धरलेलं सगळं जंतुनाशकात बुडवते. त्यामुळे दुसरी बाजूही रोज कानावर पडायची. नळी प्रवाहात हलते आणि मास्क ओढते. लांब केस अडकतात. अंगातल्या तरंगायच्या जाकिटात हवा भरून पाठीवर पडलं की नाक-तोंड वर राहतंच. फोटोत वाईट दिसते, हे मात्र कोणी मोठ्याने म्हणायचं नाही. केंद्राच्या मालकांनी मधला मार्ग म्हणून खिशात मावणाऱ्या घडीच्या नळ्या आणल्या. दादाने एक उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "लाट थोबाडीत बसल्यावर खिसा चाचपत बसायचं का?" बाकीचे प्रशिक्षक त्याला नळीमास्तर म्हणत. त्याला ते आवडायचं.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं. पण थोडं थोडं बरोबर असणं दादाला कधी जमलंच नाही.

गेल्या वर्षापासून तो विसरायला लागला. खाली जायला लागणारा वजनाचा पट्टा कमरेला बांधलेला असायचा आणि हा खिडकीशी येऊन पट्टा मागायचा. मी हसायचे, तोही हसायचा. मग एकदा टाकीची हवा चालू न करताच पाण्यात उडी मारायला निघाला. बोटीवरच्या तांडेलाने खांदा धरून थांबवलं. वहिनी म्हणाली, "वय झालं की होतं असं." मलाही ते मानून घेणं सोयीचं होतं. दोघीही मूर्ख, आणखी काय.

मग तो दिवस आला. चार शिकाऊ माणसं घेऊन दादा पाण्यात होता. सगळे त्याच्या आवडीप्रमाणे नळीने श्वास घेत लाटांवर तरंगत होते. खाली जायच्या आधी नळी काढायची, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात घालायचा, मग अंगठा खाली करून खूण करायची, मग जाकिटातली हवा सोडायची. हा क्रम त्याने हजार लोकांकडून घोकून घेतला असेल. त्या दिवशी त्याने खूण केली, हवा सोडली आणि नळी तोंडात तशीच ठेवून खाली गेला. दोन पुरुष खोल गेल्यावर त्याने श्वासाबरोबर नळीतून पाणी ओढलं. त्याच्या चारांपैकी एक बाई, बँकेत नोकरीला असलेल्या, आयुष्यात तिसऱ्यांदा पाण्याखाली गेलेल्या, त्यांनी आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात कोंबला आणि त्याला धरून वर आणलं.

दोन दिवसांनी मालकांच्या खोलीत बैठक झाली. चहा न्यायच्या निमित्ताने मी दारात उभी होते. दादा ताठ बसला होता.

"नळीमुळे झालं," तो म्हणाला. "नळी नसती तर झालंच नसतं."

मालकांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला. "मी किती वर्षं हेच सांगतोय!" ते म्हणाले. त्याच आठवड्यात केंद्रातल्या सगळ्या नळ्या बंद झाल्या. मी त्या खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या. आणि सोमवारी दादा नव्या वर्गासमोर उभा राहून नळी किती घातकी हे समजावू लागला. केस, प्रवाह, चुकून तोंडात राहणं, सगळे मुद्दे, जे त्याने वीस वर्षं धुडकावले होते. बोलला मात्र झकास. भिंतीपलीकडे मास्क धुताना माझी मान लाजेने खाली गेली.

संध्याकाळी नळाशी त्याला गाठलं. "दादा, तू विसरलास. नळीवर कशाला खापर फोडतोस?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? विसरलो म्हटलं तर मला घरी बसवतील. नळीचं नाव घेतलं तर नळीला बसवतील. आता तूच सांग."

मी जाऊन वहिनीला सांगितलं. तिने माझे हात धरले. "पाणी सुटलं तर ते जगायचे नाहीत गं. तू काही बोलू नकोस." मी तीन आठवडे गप्प राहिले. त्या तीन आठवड्यांत त्याने किती जणांना खाली नेलं, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

चौथ्या आठवड्यात तो सकाळी खिडकीशी आला. बाहेर पाच माणसं सूट चढवून उभी होती.

"पाच स्नॉर्कल काढ," तो म्हणाला. "आणि माझी कुठे ठेवलीस?"

"दादा, नळ्या बंद केल्यात."

"कोणी?" तो असा भडकला की बाहेरची माणसं वळून बघायला लागली. "कोण शहाणा निघाला? नळीशिवाय माणसं पाण्यात सोडता? लाज वाटत नाही?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. बैठक नाही, वर्ग नाही, नळाशी झालेलं बोलणं नाही. नोकरी वाचवायला बोललेलं खोटंसुद्धा त्याच्या डोक्यात टिकलं नव्हतं. आणि तो पाच जणांना घेऊन खाली जाणार होता.

मी खिडकी लावून घेतली, मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पाच जणांना दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर पाठवलं. दादाला पुन्हा पाण्यात उतरू दिलं नाही.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिचं मी समजू शकते. पण दादा रोज सकाळी नऊला येतो, सूट मागतो. मी सांगते, आता तू बोटीवर नाहीस. तो विचारतो, का? मी सांगते, तू विसरतोस म्हणून. मग तो विचारतो, "मालकांना कोणी सांगितलं?"

पहिल्या दिवशी "मी" म्हणाले तेव्हा वाटलं होतं, एकदाचं झालं. तो शिव्या देईल, बोलणं टाकेल, तेही सोसेन. तो फक्त "तू?" म्हणाला. "माझी बहीण?" आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा आला. सूट मागितला.

आता चार महिने झाले. त्याला मी रोज सांगते आणि त्याला ते रोज पहिल्यांदाच कळतं.