मी बसवलेल्या कार्डाचा नंबर

या सदरात लोक जे लिहितात ते मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. माझी तीस वर्षं मशीनमध्ये गेली. सर्व्हर रूमच्या दारावर कोणी लिंबू-मिरची बांधली तर ती काढून टाकणारा मी. गावच्या जत्रेला जायचो ते गोड खाजं आणायला. भूत, देवचार, चकवा... यातलं काही मी पाहिलेलं नाही आणि आज एकोणसत्तराव्या वर्षीही मानत नाही. त्यामुळे पुढे पांढरं पातळ नेसलेली बाई वगैरे येणार नाही. एक नंबर येईल. आणि मी केलेली एक गोष्ट, जी पंधरा वर्षं मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

मुंबईची नोकरी सोडून मी मालवणला परत आलो, तेव्हा आमच्या जिल्ह्यात मोठे सर्व्हर हाताळणारा मी एकटाच होतो. हाताखाली कोणी हवं म्हणून देवबागचा दिगंबर आला. सगळे त्याला दिगू म्हणायचे. होडीवाल्याचा मुलगा, शिक्षण आयटीआयपर्यंत. स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा इथपासून मी त्याला शिकवलं. आणि दोनच वर्षांत लोक माझ्याआधी त्याला फोन करू लागले.

हे लिहायला सोपं नाही, पण लिहितो. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या हातांचा. जाळी ओढून जाड झालेली ती बोटं, पण केवढंही नाजूक कार्ड असो, एकदाच ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि ते बसायचं. माझे हात तेव्हा नुकतेच थरथरायला लागले होते. मी ते लपवायचो, आणि दिगू ते लक्षात आल्याचं लपवायचा — “काका, तुमी बसा, मी करतंय,” असं म्हणून. ते तर मला अधिकच लागायचं. तो घरी आला की सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात जायची. एकदा मी बायकोला म्हटलं, “मी पण जेवतोय इथे.” ती म्हणाली, “तुमका काय, रोजचाच आसा. तेच्या हाताक गुण आसा बघा, माझो मिक्सर नुसतो हात लावल्यार चालू झालो!”

हसण्यासारखंच आहे. मी मात्र हसलो नव्हतो.

पंधरा वर्षांपूर्वी मालवणातल्या एका खाजगी संस्थेचं काम आलं. नाव देत नाही, तिचा काही दोष नाही. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, दशावतारातली पदं, देवळातली गाऱ्हाणी अशा जुन्या कॅसेट जमवून त्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम ती करायची. दिगूच्या वडिलांचं गाऱ्हाणंही त्यात होतं. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवापुढे नारळ ठेवून एक जण मोठ्याने मागणं मागतो आणि उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. तेच गाऱ्हाणं. दिगूचे वडील देवबागात ते घालायचे. ते वारले होते आणि त्यांचा आवाज त्या एका कॅसेटवरच उरला होता. तिलाही बुरशी लागलेली, एकदा वाजली ती शेवटची. जे काही होतं ते संस्थेच्या डिस्कवर.

काम असं होतं. एका मोठ्या खोक्यात ड्रॉवरसारखे आत सरकणारे सर्व्हर असतात, त्यांना ब्लेड म्हणतात. दोन नवी ब्लेड आली होती. एक रेकॉर्डिंगसाठी, दुसरं नुसतं चाचणीसाठी. डिस्क वेगळ्या कपाटात असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला प्रत्येक ब्लेडमध्ये तळहाताएवढं फायबर चॅनल अॅडॉप्टरचं कार्ड बसवावं लागतं. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक सोळा अक्षरांचा नंबर मिळतो. जगात दुसऱ्या कुठल्याही कार्डाला तो नसतो. मधल्या स्विचला आपण सांगतो, की या नंबराला ही डिस्क दाखव, त्या नंबराला ती. स्विच ब्लेड ओळखत नाही. नंबर ओळखतो.

संस्थेच्या बाईंनी काम दिगूला दिलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही देखरेखीला या ना.” देखरेखीला! मी शिकवलेल्या मुलावर.

सकाळी दिगूने दोन्ही ब्लेडमध्ये कार्डं बसवली. दोन्ही नंबर कागदावर लिहिले, मोठ्याने दोनदा वाचले. रेकॉर्डिंगच्या ब्लेडमधल्या कार्डाची शेवटची चार अक्षरं होती सात, सी, एक, ई. मग म्हणाला, “काका, नारळ हाडूचो रवलो. दहा मिन्टांत इलंय.”

त्या दहा मिनिटांत मी दोन्ही ब्लेडची झाकणं काढून कार्डांची अदलाबदल केली. हात तेव्हा अजिबात थरथरले नाहीत.

मला एवढंच हवं होतं, की मशीन सुरू झाल्यावर बाईंच्या समोर रेकॉर्डिंग दिसू नयेत, दिगूला घाम फुटावा, आणि मी पुढे होऊन म्हणावं, “हो बाजूला, बघू.” बस्स. इतकी लहान गोष्ट होती ती.

दिगू नारळ घेऊन आला. बाई, इलेक्ट्रिशियन आप्पा, दिगू आणि मी, असे चौघे त्या खोक्यासमोर उभे राहिलो. दिगूने वडिलांच्याच चालीत सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी चार लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या जा काय नवीन मशीन बसयतंव, तेचा काम सुरळीत होवंदे...”

“व्हय म्हाराजा!”

“कार्डाक डिस्क गावंदे, डिस्काक कार्ड गावंदे...” बाई हसल्या, आप्पाही हसला, पण म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

“आनी कोणाच्या मनात काय वाकडा आसात तर ता सरळ कर, आनी जेचा असात ता तेका गावंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मीही म्हटलं. चारही वेळा.

ब्लेड आत सरकवली. दिगूने कागदावर बघून स्विचमध्ये नंबर भरले. मला वाटलं होतं तो आधी रेकॉर्डिंगचं ब्लेड सुरू करेल. त्याने आधी चाचणीचं घेतलं. त्यात आता सात-सी-एक-ई होतं, म्हणजे त्याला खऱ्या रेकॉर्डिंगची डिस्क दिसत होती. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. चाचणीची डिस्क वापरण्याआधी पुसून घेतात, तसा स्क्रीनवर प्रश्न आला — डिस्क पूर्ण पुसायची का?

मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. एक शब्द पुरला असता. “थांब.” तो माझं ऐकायचा, नेहमी ऐकायचा. मी गप्प राहिलो, कारण थांबवलं असतं तर मला का कळलं हे सांगावं लागलं असतं.

त्याने बटण दाबलं.

जुन्या रेकॉर्डिंगची प्रत होती, पण शेवटच्या चाळीस कॅसेटची घ्यायची राहिली होती. त्यांतच त्याचे वडील.

चौकशी कोणी करायची? मीच, ज्येष्ठ म्हणून. ब्लेड उघडली, कार्डं कागदाच्या उलट निघाली. मी लिहिलं, ‘नंबर टिपताना अदलाबदल झाली.’ दिगू एवढंच म्हणाला, “काका, मी दोनदा वाचलंय ओ.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “होतं रे असं कधी कधी.” तो हात अजून आठवतो मला.

जिल्हा लहान. दिगूला पुन्हा कोणी सर्व्हरला हात लावू दिला नाही. तो देवबागला परत गेला, पर्यटकांना होडीतून फिरवू लागला. आणि सगळी कामं माझ्याकडे आली... जे हवं होतं ते मिळालं.

सहा महिन्यांनी सावंतवाडीला एक काम होतं. सीलबंद पाकिटातून नवं कार्ड काढलं, बसवलं, मशीन चालू केलं आणि स्विचवर नंबर बघितला. शेवटी सात-सी-एक-ई. आधीची सगळी अक्षरंही तीच.

ते कार्ड मालवणला संस्थेच्या मशीनमध्ये चालू होतं. मी फोन करून खात्री केली. पाकिटावर आणि कार्डावर छापलेला नंबर मात्र वेगळाच होता. मी कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. तोच. तिथल्या ऑपरेटरला म्हटलं, “तू बसव.” त्याने बसवलं. बरोबर नंबर आला. मी बसवलं — सात-सी-एक-ई.

नंतर वैभववाडीला. नंतर कणकवलीला दोनदा. कार्ड वेगळं, स्विच वेगळा, बनवणारी कंपनीसुद्धा वेगळी. कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं तर म्हणाला, “सर, असं होऊच शकत नाही, तुम्ही वाचताना चुकत असाल.” माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं.

मी काम सोडलं. लोकांना सांगितलं, हात थरथरतात.

यंदा तन्वीने बोलावलं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता कुडाळला एका कार्यालयाचे सर्व्हर सांभाळते. त्यांचं खोकं जुन्या पद्धतीचं होतं, म्हणून म्हणाली, “सर, एकदा बसवून दाखवा ना, नवीन पोरांना बघायला मिळेल.” पंधरा वर्षं झाली, मला वाटलं आता काही नसेल. बसवलं. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “सर, पाकिटावर शेवटी नऊ-बी आहे आणि इथे...”

“सात-सी-एक-ई,” मी न बघता म्हटलं.

तिने स्वतः कार्ड काढून परत बसवलं. नऊ-बी. “आता तुम्ही.” सात-सी-एक-ई. मग तिने पोरांना चहाला पाठवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बसा. काय केलंत तुम्ही?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच. ती ओरडली नाही. म्हणाली, “मला कशाला सांगताय? देवबाग काय लांब आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. खाडीच्या बाजूला दिगू होडीचं इंजिन उघडून बसला होता. केस पिकलेत. बोटं तीच. चार-पाच पर्यटक कौतुकाने त्याचं काम बघत उभे होते.

“काका! तुमी हयसर खंय? काकी बरी मा?”

त्याला जरा बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. तो फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

“मी नारळ हाडूक गेल्लंय, तेवां?”

“तेव्हाच.”

“आनी मगे गाराण्याक उभे रवलात.”

“हो.”

“व्हय म्हाराजा म्हटलात?”

“म्हटलं.”

तो खाडीकडे बघत बोलला. “बापाशीचो आवाज माझ्या हातान पुसलो. तेच्या मागसून मी गाराणा घातलंय नाय, काका. माझ्या पोरीच्या लग्नाक सुदा दुसऱ्याक उभो केलंय. म्हटलंय, आपल्या हातातोंडाक देव आयकणा नाय.”

मी म्हटलं, “दिगू, मला माफ कर.”

“ता माका नको सांगा. चार मानसांत व्हय म्हटलात, आतां चार मानसांत नाय म्हणा.”

एवढं बोलून तो वळला. इंजिनाचं झाकण बसवलं — टक्. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, नारळ ठेवलेला होता. तो उचलून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मग, “बा देवा म्हाराजा...” आवाज फाटला. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरू केलं. आजूबाजूचे होडीवाले हातातलं काम टाकून उभे राहिले. त्याच्या वडिलांचं ते रेकॉर्डिंग मी ऐकलेलं आहे. तोच चढ, तोच उतार, दम घ्यायची जागासुद्धा तीच. जे मी पुसवलं असं मला वाटत होतं, ते त्याच्या गळ्यात होतं, आणि ते बाहेर न येण्याचं कारण मी होतो. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला त्याचा हेवा वाटला.

होडीवाले म्हणाले, “व्हय म्हाराजा!” माझंही तोंड उघडलं, सवयीने.

दिगूने मागे न बघता हात वर केला. “तुमी नको, काका.”

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशीच्या चौघांपैकी आप्पा आता नाही. बाईंना मी वेगळं पत्र लिहिलंय. बाकी वाचणाऱ्यांपुढे सांगतो — दिगंबरने दोन्ही नंबर बरोबर लिहिले होते. कार्डं मी बदलली. त्या चौकशीत मी लिहिलं ते खोटं होतं. बायकोने हा मजकूर वाचला, परत दिला आणि म्हणाली, “खाली नाव घाला. नायतर काय उपयोग?” संपादकांना विनंती, की नाव छापावं.

नंबराचं कोडं मला सुटलेलं नाही. कारखान्यात कोरलेली अक्षरं एका माणसाच्या हातून कशी बदलतात, हे तीस वर्षांच्या अनुभवावर मला सांगता येत नाही. ज्याचं असेल ते त्याला मिळू दे, असं दिगूने मागितलं होतं आणि मी होकार दिला होता, एवढंच मला माहीत आहे. तन्वीने एक सीलबंद कार्ड माझ्यासाठी बाजूला ठेवलंय. हे छापून आलं की कुडाळला जाऊन बसवून बघणार आहे.

— वसंत, मालवण