पाठमोरं घड्याळ

देवळाली कॅम्पच्या मैदानावर एक निवृत्त हवालदार रोज सकाळी लष्कर-पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची वेळ घ्यायचे, तेही धावणाऱ्यांकडे पाठ करून. धाव पूर्ण करणाऱ्याने लिंबाच्या झाडाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा वाजवायचा, की हवालदारांचा अंगठा स्टॉपवॉचवर पडायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लष्करी अकादमीतला माझा जुना सोबती त्या दिवशी बरोबर फिरायला आला होता. सैन्यात मुलींना अधिकारी म्हणून घेऊ लागले, यावर तो वैतागला होता. "आता गुणवत्ता संपली," हे त्याने वाटेत तीनदा ऐकवलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं.

आम्ही हवालदारांच्या बाकावर त्यांच्यासारखेच पाठमोरे टेकलो. मी विचारलं, "असं उलटं का बसता?"

"बघत बसलं की आपल्या माणसाला अंगठा लवकर पडतो, साहेब. माझा पडलाय एकदा, भाच्यासाठी."

तेवढ्यात रूळ वाजला. हवालदारांनी वेळ सांगितली.

सोबती चकित झाला. "हा पोरगा आमच्या अकादमीत पहिला आला असता."

आम्ही तिघेही वळलो. झाडाखाली एक मुलगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

"घोटीची हाय," हवालदार म्हणाले. "पहिल्या बसनं येते."

सोबत्याने तिच्याकडे पाहिलं. 'पहिला आला असता' हे शब्द मात्र त्याने मागे घेतले नाहीत.