अपघाताविना दिवस

चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर एक बोर्ड होता, 'अपघाताविना दिवस', आणि खाली आकडा. सिक्युरिटीवाला तो रोज सकाळी एकाने वाढवायचा. सेफ्टी मॅनेजर त्या आकड्याकडे पोटच्या पोराच्या निकालाकडे बघावं तसा बघायचा. मी तिथली डॉक्टर. तो आकडा माझ्या सहीवर वाढतो, हे बोर्डावर लिहिलेलं नव्हतं एवढंच.

कुरुळी गावच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. रक्त थांबवून मी त्याला हॉस्पिटलात पाठवलं. सर्जनने महिनाभर विश्रांती लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सेफ्टी मॅनेजर माझ्या टेबलाशी हजर.

"मॅडम, तो कामावर येतोय. हलकं काम देऊ. तुम्ही फक्त 'फिट' लिहा."

माणूस हजेरीवर दिसला की अपघात किरकोळ ठरतो, बोर्ड शून्यावर येत नाही. मी लिहिलं. हलकं काम म्हणजे ट्रेनिंग रूममध्ये बँडेजचा हात वर धरून आठ तास बसणं. त्यासाठी कंपनीची गाडी रोज त्याच्या दारात, नवरदेवाला न्यायला यावी तशी.

ड्रेसिंग करताना त्याने एकदाच विचारलं, "मॅडम, हितंच लागलं आसं लिवलंय ना? उद्या ह्यांनी काढून टाकलं, तर तेवढाच कागद हाय आपल्याकडं."

"लिहिलंय," मी म्हणाले. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होतं, 'किरकोळ जखम, प्रथमोपचार'.

मॅनेजरला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. तेवढं शौर्य आमच्या पेशात सगळ्यांकडे असतं. पुढे कंपनीने आम्हा दवाखान्यातल्या लोकांसाठी ताणतणावावर व्याख्यान ठेवलं. एक गुळगुळीत गृहस्थ तासभर श्वास घ्या, सोडा सांगत होते. मीही घेतला, सोडला. आठवडाभर झोप मात्र आली नाही, आणि ते बरंच झालं, माझ्यासारखीला झोप कशाला हवी?

आकडा पाचशेवर गेला तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले, स्टीलच्या डब्यातून, कंपनीचं नाव कोरलेल्या. संध्याकाळी तो ऑपरेटर माझ्या खोलीत आला. डबा डाव्या काखेत दाबलेला.

"मॅडम, झाकन लई गच हाय. ह्या हातानं निघंना."

मी उघडून दिला. त्याने पहिला पेढा माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुमी लई केलं आपल्यासाठी."

मी तो घेतला आणि त्याच्यासमोर खाल्ला.