पुण्याचं पाणी आणि भिगवणची मरळ

"एकदा मरळ लागू दे, मग खुशाल विका." एवढं बोलून अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटावरून उठले. विषय होता पार्किंगमधल्या बोटीचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती फायबरची छोटी बोट त्यांनी स्वतः बांधली. आता गुडघे कुरकुरतात, आणि आमच्या हडपसरच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "अहो मॅडम, लाटा कधीपासून सुरू होणार?" शेवटी माझ्या नवऱ्याने ऑनलाइन जाहिरात टाकली आणि गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी येणार असं ठरलं. म्हणजे हातात फक्त शनिवार. मी पदर खोचला. बोट जायची तर जाऊ दे, पण अण्णांच्या गळाला मरळ लागल्याशिवाय नाही.

मरळ हा शिकारी मासा. अण्णांच्या मते तो मेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून बोटीच्या मधल्या फळीखाली त्यांनी जिवंत आमिषासाठी, म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी, टाकी बसवली आहे. कोपरे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यात पिल्लं तोंड घासून जखमी होतात. टाकी झकास, पण आधीच्या दोन्ही फेऱ्यांत भिगवणला धरणावर जाताना यवत यायच्या आतच चिलापीची पिल्लं पोट वर करून मोकळी! अण्णा म्हणायचे, ऊन. मला संशय नळाच्या पाण्याचा होता. सकाळी नळ सोडला की औषधाचा वास येतो, तो माशांना सोसेल कसा? पण हे अण्णांना सांगणार कोण? आमचं गाव पालिकेत गेलं आणि कित्येक वर्षं विहिरीवर खेपा घातल्यावर घरात नळ आला, त्याचं त्यांना अजून कौतुक. "खडकवासल्याचं पानी हाय, अमृत!"

मी वाद घातला नाही, गनिमी कावा केला. शुक्रवारी वाघोलीला मामेभावाच्या शेततळ्यावर गेले, बोटभर लांबीची पिल्लं धरली आणि टाकीत पाणीही त्याच तळ्यातलं आणून भरलं. जादाचे दोन कॅनही तिथलेच. पिल्लं मोजकीच घेतली, दाटी केली की हवा पुरत नाही. खायला काही घातलं नाही, भरल्या पोटी ती पाणी घाण करतात. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, झाकणावर ओलं पोतं टाकलं.

शनिवारी उजाडताच मामेभावाच्या पिकअपमध्ये बोट बांधून सोलापूर रस्त्याला लागलो. गाडी मीच चालवत होते. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, लोणी काळभोरपर्यंतचा ट्रॅफिक जीव काढतो. पुढे रस्ता सुरेख आहे. यवत आलं, मी उतरून झाकण उघडलं. सगळी पिल्लं तरतरीत! मला तर नाचावंसं वाटलं.

चौफुल्याला मी चहा-भजी आणायला गेले आणि परत येते तो अण्णा टाकीवर वाकलेले, बाजूला घरून आणलेला पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन रिकामा.

"हे काय केलंत?"

"पानी गढूळ झालं हुतं. अर्धं काढलं आन् आपलं भरलं. बिचाऱ्यांना जरा चांगलं पानी."

पिल्लं वर येऊन आ वासत होती. माझं डोकंच फिरलं. "अहो अण्णा, या तुमच्या अमृतानेच मरतात ती! दोन्ही वेळा त्यानेच मेली!"

मी भजी सीटवर टाकली, मग्याने पाणी उपसलं आणि तळ्याचा एक कॅन ओतला. पुन्हा उपसलं, दुसरा ओतला. मेलेली पिल्लं लगेच काढली, नाहीतर जिवंतही जातात. अण्णा पोतं भिजवून परत पसरत होते. मूठभर वाचली. आमच्यासमोर भजी गार झाली, पण टाकीत शेपट्या हलत होत्या.

भिगवणला स्थानिक मच्छीमारांची परवानगी काढली (आधी फोन करून ठेवा, खेटे वाचतात) आणि त्यांच्यातल्या दोघांनी बोट पाण्यात लोटायला हात लावला. अण्णांना लगेच गळ टाकायचा होता. मी म्हटलं, "थांबा. धरणाचं पाणी मग्यामग्याने टाकीत घालू, त्यांना मानवू दे. नव्या सुनेला कोणी पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या लाटायला बसवतं का?"

"तुझ्या आईला बसवलं हुतं," अण्णा म्हणाले. मग हळूच, "आन् त्या बिघडल्या हुत्या."

दोघंही हसलो आणि चौफुल्याचा राग तिथेच निवला.

ऊन चढलं. एक आमिष गेलं, दुसरं गेलं. तिसरं अण्णांनी ओल्या हाताने धरून पाठीच्या पंखाखाली अलगद अडकवलं आणि पाणवेलींच्या कडेला सोडलं. दोरी सटकन ताणली गेली. मी मदतीला सरकले तर ओरडले, "हात लावू नगंस!" दात-ओठ खात त्यांनी ओढली, सोडली, पुन्हा ओढली आणि शेवटी बोटीत चांगली हातभर मरळ येऊन आदळली. अण्णांचे डोळे भरले, माझेही. आणि मग एकदम आठवलं, की आता बोट विकायची. माझ्याच हट्टाने मी ती घालवली होती.

गावातल्या खानावळीत तीच मरळ तिखट रश्श्यात करून घेतली. अण्णांनी दोन भाकरी खाल्ल्या. माझी ताटातच राहिली. परतीच्या वाटेवर ते शांत झोपले होते.

रविवारी गिऱ्हाईक आलं, आयटीतला मुलगा, सभ्य. बोट बघून खूश. माझा नवरा व्यवहाराचं बोलणार, एवढ्यात अण्णांनी विचारलं, "टाकीत पानी कुठलं भरणार?"

"सिंपल आहे ना काका, नळाचं. पुण्याचं पाणी म्हणजे बेस्टच!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटीवर ताडपत्री ओढली. "ह्याला न्हाई द्यायची. पिल्लं मारंल."

नवरा कपाळाला हात लावून बसला. सेक्रेटरींना काय सांगायचं ते माझं मी बघते. लिफ्टकडच्या पायऱ्यांवर अण्णा थांबले, कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाले, "सुमे, पुढच्या खेपेला तळ्याचं पानी चार कॅन घे."