खुंटीवरचं दावं

मातेराला जायची हौस माझी नव्हती. मुलगा इटलीत नोकरीला, तोच मागं लागला, "आई, डोंगरात कोरलेलं गाव आहे, हजारो वर्षं माणसं राहिलीत तिथं." चांगलं घर सोडून गुहा बघायला एवढ्या लांब कशाला, असं म्हणत म्हणत गेले. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या दगडी पायऱ्या उतरले.

एका गुहेत जुना संसार मांडून ठेवला होता. एकच खोली. उंच पलंग, त्याखाली कोंबड्या, कोपऱ्यात चूल आणि आतल्या भिंतीला खेचर, कागदाच्या लगद्याचं. माणसं आणि जनावरं इथं एकत्र राहायची, असं गाइड सांगत होती आणि बाकीचे पर्यटक हळहळत होते. मला रागच आला. माझ्या माहेरी, लासुर्ण्यात, पावसाळाभर आमची गाय सोप्यातच असायची. तिच्या शेजारी बसून मी दहावीचा अभ्यास केला. यात हळहळण्यासारखं काय होतं?

हे दादाला, माझ्या थोरल्या भावाला, दाखवायलाच हवं होतं. आता गोठ्यात होती ती त्याच गाईच्या वंशातली शेवटची. आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. शेवटच्या दिवसांत आईनं दादाचा हात धरून एवढंच मागितलं, हिला बाजार दाखवू नकोस. मी बारामतीत राहते. दर रविवारी तिला भाकरी घालायला गावी जायचे. इटलीला निघताना दादा म्हणाला होता, "तू बिनघोर जा. आईला सबुद दिलाय म्या."

व्हिडिओ कॉल लावला. तिथं दुपार, इकडं धारेची वेळ. खेचर बघून दादा खुश. "आयला, आपल्यावानीच हाय की!"

"आता आपली गाय दाखव."

"रानात हाय. चरायला नेलीया."

त्याच्या पाठीमागं गोठ्याचं दार दिसत होतं. दाराशेजारच्या खुंटीला दावं, नीट गुंडाळलेलं, वर हळदकुंकू. आमच्याकडं जनावर विकताना दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत. सोडून घेतात, पुजतात आणि खुंटीला लावतात, म्हणजे दावण मोकळी राहत नाही. चरायला गेलेल्या गाईचं दावं तिच्या गळ्यात असतं.

"कधी विकलीस, दादा?"

त्यानं मागं वळून खुंटी बघितली. फोन खाली गेला, नुसत्या चपला दिसत राहिल्या. "भाकड जनावर, किती दिस पोसायचं? तू गेलीस त्याच आठवड्यात दिली."

म्हणजे त्यानं माझ्या जाण्याची वाट बघितली होती. गाईपेक्षा मला तेच जास्त लागलं. परक्यानं फसवलं असतं तर भांडले असते. त्या गुहेत मला नुसतं रडू आलं. मुलाला वाटलं, गुडघे दुखतायत.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी सवयीनं भाकरी बांधून घेतली आणि गावी गेले. दादानं खुंटीवरचं दावं काढून माझ्यापुढं धरलं. "हे बघ, दावं न्हाय दिलं म्या. रीत मोडली न्हाय."

रीत त्यानं खरंच मोडली नव्हती. मी भाकरी तशीच परत आणली.