वानखेड्यांनी रिजेक्ट केलेले फोटो

“मॅडम, हा पीस डिफेक्टिव्ह आहे,” वानखेडे म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला.

कॅमेऱ्याला दोष देणारे विद्यार्थी मला नवीन नाहीत. कसबा पेठेत भांड्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत मी दर रविवारी नवशिक्यांना डिजिटल कॅमेरा शिकवते. एरवी माझा धंदा कॅटलॉगसाठी वस्तूंचे फोटो काढण्याचा. नटबोल्ट, मिक्सर, प्रेशर कुकर. वस्तू हलत नाहीत आणि ‘मी फार जाड दिसते का हो’ असं विचारत नाहीत, म्हणून माझं त्यांच्याशी बरं जमतं.

“काय डिफेक्ट आहे?”

“फोकसच होत नाही. सगळं धूसर. मी टेस्ट घेतली आहे.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खरंच धूसर दिसत होतं. व्ह्यूफाइंडर म्हणजे आपण जिथे डोळा लावून बघतो ती छोटी खिडकी. तिच्याशेजारी एक बारीक चकती असते. ती मी बोटाने थोडी फिरवली आणि समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ दिसायला लागली.

“ह्याला डायॉप्टर म्हणतात. चष्म्याचा नंबर असतो तसा ह्या खिडकीलाही नंबर असतो. ज्याने त्याने आपल्या डोळ्याप्रमाणे लावायचा. बॅगेत घासून चकती फिरते कधीकधी. पहिल्याच रविवारी सांगितलं होतं मी. त्याने फोटो बिघडत नाही, फक्त आपल्याला धूसर दिसतो. पीस ओके आहे, वानखेडे. इन्स्पेक्टर बदला.”

बाकीचे विद्यार्थी हसले. वानखेडे खुर्ची ओढून बसले.

“म्हणजे ते फोटो चांगले होते?”

“कोणते?”

“मी डिलीट केलेले.”

वानखेडे मूळचे अमरावतीकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये रिटायर झाले. म्हणजे तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि संशय आला की लाल खोक्यात टाकायचा. आयुष्यभर हेच केलं. बायकोबरोबर वाघोलीला राहतात. क्लासला नाव घालताना म्हणाले होते, “मिसेसचा एक फोटो नीट काढायचाय. तेवढं शिकवा.”

“एका फोटोसाठी कोर्स कशाला? स्टुडिओत घेऊन जा त्यांना.”

“स्टुडिओत ती तोंडावर पदर घेते. घरीही घेते. मोबाइलमध्ये सगळे तसलेच फोटो आहेत.”

मंदाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लहानपणापासून मिश्री लावायची सवय. दात काळे पडलेले. त्यामुळे हसू आलं की आधी पदर वर जायचा. हे सगळं वानखेड्यांनी तेव्हा सांगितलं. मी मान डोलावली आणि पावती फाडली. मिश्रीनंच त्यांच्या हिरडीला कॅन्सर झालाय, खालचा अर्धा जबडा काढायचाय आणि हा चेहरा आता थोडेच दिवस असा राहणार आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही ‘आत्ताच का’ म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मिक्सरबद्दल मी कंपनीला याहून जास्त प्रश्न विचारते.

त्या रविवारी क्लास सुटल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं.

मंदाताईंना ॲडमिट करायच्या आदल्या दुपारी त्या गॅलरीत सांडगे घालत बसल्या होत्या. आपण हॉस्पिटलात असताना घरात काही तोंडी लावायला असावं, म्हणून. दोन्ही हात पिठात बरबटलेले. वानखेड्यांनी कॅमेरा काढला. त्या म्हणाल्या, “मले नोको बा फोटो.” तरी हे पुढे सरकले. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, असं मी शिकवलं होतं. म्हणून हे गुडघ्यांवर बसले, ते थेट ओल्या सांडग्यांच्या ताटात.

“ती म्हणे, ‘पाहा न, सांडग्यायवर बसले जी!’ आणि हसली, मॅडम. पदर घ्यायला हात मोकळे कुठे होते? मी बटण दाबत राहिलो. आत धूसर दिसत होतं, पण म्हटलं, कॅमेरा करेल ॲडजस्ट.”

“मग बघितले कुठे?”

“गॅलरीत ऊन होतं. तुम्हीच सांगितलंय, उन्हात मागच्या स्क्रीनवर काही कळत नाही, फोटोसुद्धा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघा. बघितलं. सगळे आउट. आणि तुम्हीच सांगितलंय, खराब फोटो साठवत बसू नका, तिथल्या तिथे उडवा.”

दोन्ही गोष्टी मी सांगितल्या होत्या. दोन्ही आजही बरोबर आहेत. नवशिके हजारो फोटो साठवतात आणि एकही नीट बघत नाहीत, म्हणून तो नियम. पण तो कुणाच्या हातात देतेय याचा मी विचार केला नव्हता. दुसऱ्या कुणीही दोनचार फोटो राहू दिले असते. वानखेड्यांनी एकूण एक उडवले.

नंतर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पण तोवर मंदाताईंनी हात धुतले होते.

आता एक आशा होती. फोटो डिलीट केला की तो कार्डावरून लगेच जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, बिऱ्हाड आतच असतं. नवं बिऱ्हाड त्या जागेत आलं, की मगच जुनं जातं. तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत काढता येतो.

“डिलीट केल्यानंतर ह्या कार्डावर काही काढलंत का?” मी विचारलं.

“टेस्ट घेतली ना. कंपनीला कंप्लेंट करायची तर पुरावा लागतो.”

गॅलरीचा कठडा. जवळून, लांबून, उन्हात, सावलीत. मग गॅसचा सिलिंडर. पुन्हा कठडा. कार्ड जवळजवळ भरेपर्यंत. निष्काळजी माणसाने कॅमेरा रागाने कपाटात टाकला असता आणि मी सगळे फोटो परत काढून दिले असते. मला त्या माणसाच्या चोखपणाचा रागच आला आणि लगेच रडूही आलं.

कार्ड घरी नेऊन मी कंप्युटरला लावलं. कठडेच कठडे निघाले, आणि ते सगळे काचेसारखे स्वच्छ. मंदाताईंची एकच फाइल हाती लागली, तीही अर्धी. फोटोचा वरचा भाग होता: कपाळ, टिकली, मिटत आलेले डोळे, नाक. त्याखाली नुसता करडा पट्टा. फोकस डोळ्यांवर अचूक होता. पापण्या मोजता आल्या असत्या.

मी करडा भाग कापला, प्रिंट काढली आणि वाघोलीला घेऊन गेले.

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या मंदाताई पलंगावर बसल्या होत्या, चेहऱ्याची एक बाजू पदराने झाकून. मी प्रिंट हातात दिली. बराच वेळ बघत राहिल्या. मग काहीतरी बोलल्या. शब्द अजून नीट उमटत नव्हते, मला कळलं नाही.

“काय म्हणाल्या?” मी वानखेड्यांना विचारलं.

“म्हणते, दात नाही आले, बरं झालं.”

एवढं बोलून ते गॅलरीत गेले. मंदाताई माझ्याकडे बघत होत्या, खूश होत्या. छान आलाय, एवढंच मी म्हणाले. माझ्या बॅगेत माझा चांगला कॅमेरा होता. एक फोटो काढू का, असं खुणेनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी आग्रह केला नाही.

वानखेड्यांनी क्लास सोडला नाही. मागच्या बाकावर बसतात आणि व्यवस्थित शिकतात. परवा त्यांनी कार्ड आणून दिलं. सगळे मंदाताईंचेच फोटो. चहा घेताना, भाजी निवडताना, खिडकीत. सगळ्यांत तोंडावर पदर.

“शार्प आहेत ना, मॅडम?”

“आहेत,” मी म्हटलं. एकही उडवलेला नव्हता.

आता क्लास सुरू होण्याआधी मी प्रत्येकाच्या कॅमेऱ्याची चकती स्वतः बघते. डिलीटचं बटण मात्र शिकवत नाही. कुणी विचारलंच तर सांगते, कार्ड भरलं तर दुसरं घ्या. फोटो खराब आहे हे ठरवायला आयुष्य पडलंय.