सर्जाच्या खांद्यावर दोन रेघा

चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागं एकाला हा किस्सा सांगितला, तर त्यानं माझ्या पायजम्यावर कप सांडला होता. या किस्स्यातल्याएवढा मोठा गाढवपणा मी पुन्हा केलेला नाही.

गावात टीव्ही एकच, तोही सरपंचाकडं, त्या काळातली गोष्ट. आमचं गाव जिंतूर रोडला, मी तिथं शाळेत गुरुजी. संधिवातानं माझा उजवा खांदा पार झिजला होता. हात छातीच्या वर जाईना. फळ्याचा वरचा अर्धा भाग दोन वर्षं कोरा. मुलांना वाटायचं, तो शोभेलाच असतो. शेवटी मुंबईचे डॉक्टर म्हणाले, सांधाच बदलू.

"कसा?" मी विचारलं. इथंच चुकलो.

त्यांनी समजावून सांगितलं. समोरून उघडलं तर दोन स्नायूंच्या मधून वाट मिळते, पण आत एका स्नायूचं टोक सोडवून परत शिवावं लागतं. वरून उघडलं तर ते टोक वाचतं, सांध्याची वाटी सरळ दिसते, पण वरचा मोठा स्नायू चिरावा लागतो. "घरच्यांच्या कानावर घाला आणि पोळा झाला की या," म्हणाले.

कानावर घाला म्हणाले होते. मी मतदान घेतलं!

पोळ्याची आदली संध्याकाळ. खांदमळणीला, म्हणजे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायला, सगळे आमच्या गोठ्यापाशी जमलेले. शिंगांचे रंग समोरच होते. गुरुजी माणूस, आकृतीशिवाय शिकवणार कसं? डाव्या हातानं माझ्या बैलाच्या, सर्जाच्या खांद्यावर समोर हिरवी रेघ ओढली, वर गुलाबी.

"बोला, कुठून उघडावं?"

"समोरून," बायको म्हणाली. "कणगीतलं धान्य समोरच्या भोकातूनच काढतेत की."

शेजारच्या नामदेवनं मान हलवली. "वैनी, काढायचं न्हाई, नवा सांधा भरायचा हाय. कणगी भरताना वरूनच भरतेत."

लोक विचारात पडले. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत बघतो तर काय, एकूणएक बैलाच्या खांद्यावर रेघ. कुणाची हिरवी, कुणाची गुलाबी. काहींनी तर सोयऱ्यांचे बैलही रंगवून आणलेले. तोरणाखालून जाताना बैल मोजले आणि गुलाबी जिंकले.

नामदेवनं माझा डावा हात धरला. "गुरुजी, गावाची मान खाली घालू नका. वरूनच."

मी डॉक्टरांना निकाल सांगितला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नर्सला माझा ताप बघायला सांगितलं. शुद्धीवर आलो तर टाके खांद्याच्या समोर, हिरव्या रेघेच्या जागी.

खांदा मात्र झकास झाला. काही महिन्यांनी फळ्याच्या पार वर तारीख लिहिली तेव्हा, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पण गावाला काय सांगणार? ठोकून दिलं, "वरूनच!" तेव्हापासून सदरा काढणं बंद. विहिरीवरची आंघोळही सदऱ्यात. 'नेहमी खरे बोलावे' शिकवताना मी फळ्याकडं तोंड करायचो.

पुढच्या वर्षी खांदमळणीला नामदेव हळद-लोण्याची वाटी घेऊन आला. दर पोळ्याला मी त्याच्याकडंच पुरणपोळी खायचो.

"गुरुजी, काढा सदरा. तुमचाबी मळतो. ह्या खांद्यासाठी लय भांडलोय आमी."

"राहू दे रे, गार लागायलाय."

माझ्या कपाळावरून घाम गळत होता. त्यानं बोलता बोलता बटणं सोडली. व्रण समोर, चांगला वीतभर.

तो बघतच राहिला. "म्हंजे वर्षभर आमाला फसवायलात?"

मी बटणं लावायला लागलो.

त्यानं हळद-लोणी सर्जाच्या खांद्यावर चोळलं आणि रीतीप्रमाणं त्याला म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये." मग माझ्याकडं वळला.

"तुमाला न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. उजवाच.